बारा नंबरचं कार्ड

सोमवार, २ मार्च

आज रुजू झाले. वही नवी, गाव नवं, नोकरी नवी. जुनी फक्त मी. सेहेचाळीस वर्षांची बाई दोन बॅगा सांभाळत नगरपालिकेच्या प्राणी निवारा केंद्राच्या फाटकात उभी राहिली, तर आतून तीसेक कुत्र्यांनी एका सुरात कोण गं तू म्हणून विचारलं. इतक्या जणांनी एकदम माझी दखल घेतल्याचं मला आठवत नाही. मूड एकदम छान झाला.

अधीक्षकांनी सगळं केंद्र फिरवून दाखवलं. नवं घर दाखवताना लोक असतात तसे ते खूश होते. आजवर इथे डॉक्टर आठवड्यातून दोनदा येऊन लशी टोचून जायचे. आता पूर्णवेळ डॉक्टर, म्हणजे मी, शस्त्रक्रियेची खोली, एक्स-रे मशीन आणि मागच्या जुन्या इमारतीत आजारी कुत्र्यांसाठी बारा पिंजऱ्यांचा वॉर्ड. नियम त्यांनी एकच सांगितला, पण तीनदा सांगितला. प्रत्येक पिंजऱ्यावर कार्ड हवं. ज्याचं कार्ड, तो प्राणी आपला. डॉक्टरच्या सहीने कार्ड बंद झाल्याशिवाय तो आपल्या गळ्यातून सुटत नाही. आणि कार्ड बंद व्हायच्या वाटा दोनच, पालक घरी घेऊन गेला किंवा प्राणी मेला.

मला हा नियम फार आवडला. रिकामा रकाना मला बघवत नाही. अकरा वर्षं आईच्या औषधांचा तक्ता भरला, सकाळ, दुपार, संध्याकाळ, एक खूण चुकली नाही. गेल्या वर्षी आई गेली, त्यानंतरही चार दिवस मी खुणा करत होते. हे दादालासुद्धा सांगितलेलं नाही.

घर तळमजल्यावर, दोन खोल्यांचं, दारासमोर तीन पायऱ्या. संध्याकाळी दादाचा फोन आला. जमेल ना तुला एकटीला, असं त्याने विचारलं. म्हटलं, न जमायला काय झालं.

बुधवार, ४ मार्च

वॉर्ड सुरू. अकरा रोगी दाखल, बारावा पिंजरा रिकामा. मदतीला मामा आहेत. सव्वीस वर्षं इथे काढलेला माणूस. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात असेल कुठेतरी, एरवी सगळं केंद्र त्यांना मामाच म्हणतं. बोलणं कमी, हात मात्र असा की चावरं कुत्रंही त्यांच्यापुढे मान खाली घालतं.

चार नंबरमध्ये एक म्हातारी कुत्री आहे. दोन्ही डोळ्यांनी आंधळी, अंगाने दांडगी, पोटातली गाठ शनिवारी काढायची आहे. मी पिंजऱ्यात शिरले तर तिने नाकाने माझी साडी, चप्पल, पिशवी सगळं तपासलं आणि लग्नात मानपान चुकल्यासारखं तोंड करून भिंतीकडे वळली. मी तिचं नाव आत्याबाई ठेवलं. मामा पहिल्यांदा हसले.

शनिवार, ७ मार्च

आत्याबाईचं ऑपरेशन उत्तम झालं. जीव भांड्यात पडला. शुद्धीवर आल्यावर तिने माझ्या मनगटावर हनुवटी टेकली आणि तासभर हलली नाही. मीही हलले नाही, पायाला मुंग्या आल्या तरी. टाके सुकले की मीच तिला घरी नेणार. तसं अधीक्षकांना सांगून टाकलं. २९ तारखेचा रविवार ठरला. घरी कुणीतरी वाट बघणारं असेल, या विचाराने दिवसभर उगीच हसत होते.

एक खटकलं. खाणं अकरा जणांचं, वाट्या बारा. मामा रोज सकाळी एक वाटी बाराव्या, रिकाम्या पिंजऱ्यात ठेवतात आणि संध्याकाळी चाटूनपुसून साफ झालेली उचलतात. उंदीर असणार, म्हटलं. मामा म्हणाले, असेल. पुढे विचारलं तर म्हणाले, पहिल्यापासून ठेवतो.

सोमवार, ९ मार्च

जमिनीवरचा मोठा वजनकाटा आला. मीच आधी चढले, अठ्ठावन्न किलो. मामांना चढा म्हटलं तर म्हणाले, मला काय लस टोचायची आहे का. मग एकेक कुत्रा चढवून उतरवून कमरेचा काटा ढिला झाला. आत्याबाई चोवीस किलो. अकरा जणांचं मिळून एकशे एक्क्याऐंशी. दर सोमवारी वजनं करायची असं ठरवलं.

उद्या पाहणीला समिती येणार. खाण्याच्या तक्त्यात बारा वाट्या आणि कार्डं अकरा, हे मला सहन होईना. मामांची वाटी बंद करायलाही जीव धजेना. शेवटी बाराव्या पिंजऱ्याचं कार्ड करून टाकलं. जात कुत्रा, रंग माहीत नाही, वय माहीत नाही, स्वभाव शांत. उपचार करणारे डॉक्टर म्हणून माझी सही. गंमत म्हणून, आणि तक्ता जुळावा म्हणून.

मामांनी ते दारावर अडकवलेलं पाहिलं आणि त्यांच्या हातातली बादली खाली ठेवली. काढा ते, म्हणाले. मी कारण विचारलं. खाऊ घालायला हरकत नाही डॉक्टरबाई, पण लिहू नका, एवढंच म्हणत राहिले. मी जरा तोऱ्यातच सांगितलं की दवाखाना कागदावर चालतो. आता लिहिताना वाटतंय, तसं बोलायला नको होतं.

सोमवार, १६ मार्च

पाहणी मागेच पार पडली. कार्ड काढायचं राहून गेलं होतं.

आजची वजनं गोंधळात टाकणारी. अकराही जणांची घटली आहेत. पोटभर खाताहेत, जंत नाहीत, ताप नाही, रक्त साफ. एकूण बेरीज एकशे बहात्तर. नऊ किलो कुठे गेले?

शेवटी चेष्टेत मी मामांना म्हटलं, चला, आता बारा नंबर. पिंजऱ्याचं दार उघडलं. मामा दोन पावलं मागे सरले. काट्यावर शून्य होतं. मग आकडा हलला आणि नऊवर थांबला. काट्यावर काही नव्हतं. दुपारचे साडेतीन, लख्ख ऊन, आणि अकराच्या अकरा कुत्री भिंतीला चिकटून उभी.

काटा बिघडला म्हणून दहा किलोची पिठाची गोण ठेवून पाहिली. दहा भरली. पुन्हा ठेवली, पुन्हा दहा.

गुरुवार, १९ मार्च

मामांना आज समोर बसवून विचारलं. ही जुनी इमारत पूर्वी कशासाठी होती ते त्यांनी सांगितलं. ज्या कुत्र्यांना आठ दिवसांत कुणी न्यायला यायचं नाही, त्यांना इथे आणत. बाराव्या पिंजऱ्यात शेवटची सुई. बहुतेक कुत्री निमूट जायची, दाराकडे बघत. दार वाजलं की शेपटी हलायची, कुणी आलं असेल म्हणून. पुढे ते सगळं बंद झालं, पण वाट बघणं काही तिथून गेलं नाही, असं मामा म्हणाले. म्हणून ते वाटी ठेवतात. वाटीवर ते गप्प राहतं. लिहिलंत की त्याला वाटतं, आपल्याला कुणी ठेवून घेतलं. मग ते अंग धरायला लागतं. आणि ज्या छपराखाली असेल तिथल्यांच्याच अंगावरून घेतं, दुसरं कुठून आणणार बिचारं.

बिचारं म्हणाले मामा. मला राग आला आणि खरं सांगायचं तर रडूही आलं. कार्ड तिथल्या तिथे फाडलं.

सोमवार, २३ मार्च

फाडून उपयोग नाही. कार्ड करताना नोंदवहीतही बारा नंबर चढवला होता आणि खाली माझी सही आहे.

वॉर्ड एकशे त्रेसष्ट. बारा नंबर अठरा. बेरीज पुन्हा एकशे एक्क्याऐंशी, एका किलोचाही फरक नाही. आत्याबाई वीसवर आली. टाक्यांच्या जागी कातडी लोंबते आहे. खाऊन उठते आणि वाटीत नाक घालून तशीच उभी राहते, आपण खाल्लं की नाही ते आठवत असल्यासारखी.

सगळ्यांना दुसऱ्या इमारतीत हलवायचं म्हटलं तर जागा नाही. अधीक्षकांना काय सांगू? की मी हवेचं कार्ड केलंय? जरा विश्रांती घ्या, असं म्हणतील. माझं काहीतरी बिनसलंय याची कुणकुण त्यांना लागलीच आहे.

बुधवार, २५ मार्च

कार्ड बंद करायच्या वाटा दोन. मी दुसरी धरली. नवं कार्ड काढलं, त्यावर नंबर बारा, मृत, वेळ संध्याकाळी पाच चाळीस. सही केली. घरी येऊन आंघोळ केली आणि बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

गुरुवार, २६ मार्च

नऊ नंबरचा प्लॅस्टरवाला गेला. वर्षाचंही नव्हतं पोर. मोडलेला पाय छान जुळत आला होता. मामा म्हणतात, उभ्या उभ्या पडला. त्यांनी वेळ पाहून ठेवली होती. काल संध्याकाळी, सहाला वीस कमी.

माझ्या सहीने गेला. दुसरं काही नाही. मी मरण लिहिलं, ते कुणाला तरी द्यावं लागलं.

बारा नंबर काट्यावर चोवीस किलो.

शनिवार, २८ मार्च

आत्याबाई सोळा. उभी राहिली नाही आज. माझा वास आला तशी शेपटी मात्र दोनदा आपटली.

मग उरलेली वाट धरली. बारा नंबर, पालकाच्या ताब्यात. पालकाचं नाव, माझं. पत्ता, माझा. पुढे नातं म्हणून एक रकाना आहे. रिकामा ठेवता येईना. घरचं, असं लिहिलं.

आत्याबाईचा उद्याचा अर्ज मागे घेतला. एका छपराखाली दोघं नकोत. अधीक्षकांना वाटलं मी माघार घेतली, म्हातारं आंधळं कुत्रं शेवटी कोण नेतं. ते तसं बोलले नाहीत, पण चेहऱ्यावर होतं.

मामांनी विचारलं, उद्या वाटी ठेवू ना. नको, संपलं ते, कार्ड बंद केलं, असं सांगितलं. पालकाचं काही बोलले नाही. मी तोऱ्याने सुरू केलं होतं, आता कोणत्या तोंडाने सांगू. मामांनी पिंजऱ्याकडे बघून हात जोडले.

साडेसहाला पायी घरी आले. मागून कुणी येतंय असं एकदाही वाटलं नाही. तीन पायऱ्या चढले, कुलूप काढलं. दार धरून जरा वेळ उभी राहिले. पाहुण्याला आधी आत जाऊ देतात तशी.

रविवार, २९ मार्च

काही त्रास नाही. खरंच नाही. स्वयंपाकघरात गेले तर तिथे ऊब असते, बाहेर आले की बाहेर. सकाळी जाग आली तेव्हा पायाशी गादी दबलेली होती आणि श्वास ऐकू येत होता. आई गेल्यापासून या कानांनी घरात दुसऱ्या कुणाचा श्वास ऐकला नव्हता. भीती वाटली. पण आधी बरं वाटलं. हे लिहायची लाज वाटते, तरी लिहिते.

सोमवार, ३० मार्च

वॉर्ड सावरला! आत्याबाई उठून बसली, मामांवर गुरगुरलीसुद्धा. दहाही जणांची वजनं वर.

सगळे गेल्यावर मी काट्यावर चढले. चोपन्न.

गुरुवार, २ एप्रिल

सेहेचाळीस. वॉर्डात अकरा जणांत वाटणी होती. इथे मी एकटी आहे.

साडी अंगावर राहत नाही. अधीक्षकांनी सक्तीची रजा दिली. दादाचा फोन. वहिनीला आणि मुलांना घेऊन येतो म्हणाला, महिनाभर राहतो, तुझी तब्येत बरी वाटत नाही आवाजावरून. किती वर्षं मी हे वाक्य ऐकायला कान लावून बसले होते. मी त्याला नको म्हटलं. तो ऐकेना म्हणून भांडले. तुझी गरज होती तेव्हा आला नाहीस, आता कशाला येतोस, असं म्हटलं. आईचं सगळं काढलं. त्याने फोन ठेवला.

येणार नाही आता. बरं झालं. धाकटी जेमतेम पंधरा किलोची असेल.

रविवार, ५ एप्रिल

याला घेऊन कुठे जावं? परत केंद्रात नेलं तर तिथे दहा जीव. भाड्याची गाडी केली तर चालवणारा आला. लॉजवर गेलं तर शेजारच्या खोल्या. जिथे छप्पर तिथे कुणीतरी असतंच. फक्त या छपराखाली कुणी नाही.

म्हणजे एकटं राहायचं. आजवर राहतच होते, आता ठरवून.

मंगळवार, ७ एप्रिल

मामा डबा घेऊन आले. दाराची कडी पार वर आहे. हात वर केला की डोळ्यांपुढे अंधारी येते, म्हणून दार नुसतं लोटलेलं असतं. त्यांना बाहेरच थांबवलं. साथीचा ताप आहे, लागेल तुम्हाला, असं सांगितलं. त्यांनी उंबऱ्यातून डबा आत सरकवला. माझी बोटं दिसली असतील. पायरीवर बराच वेळ बसून होते.

आत्याबाई तेवीस किलो झाली म्हणाले. खाते, पण दिवसभर फाटकाकडे नाक करून बसते. मी येईन म्हणून.

बुधवार, ८

डबा खाते. पोट भरतं. अंगाला लागत नाही.

घड्याळ कोपरापर्यंत चढतं.

ते वाईट नाही. मी उठले की उठतं. मी कण्हले की माझ्या अंगावर मान टाकतं, आणि ती मान आता किती जड, बरगड्या कुरकुरतात. त्याला कळत नाही आपण काय करतोय. त्याला एवढंच कळतं की त्याला कुणीतरी घरी आणलं.

शुक्रवार

मोबाईल उचलवत नाही. वही मांडीवर चालते अजून.

मी गेले की कार्डाचं काय? पालक मेला असा रकाना नाही. कोण येईल दार उघडायला — मामा — त्यांना लिहून ठेवायला हवं. आत येऊ नका. घर बंद राहू द्या. मोठ्या अक्षरात. उद्या लिहीन, आज पेन —

रविवार, १२

ऊन दारापर्यंत आलंय. दहा वाजत असतील.

मामा आले होते. आवाज बाहेरून. डबा ठेवलाय म्हणाले, आणि एक गंमत आणलीय. तुम्ही रजेवर म्हणून अधीक्षकांकडून सही करून घेतलीय. आत्याबाई.

नको, म्हटलं. ओरडले. मला वाटतं ओरडले. आवाज घशातच राहिला.

माणसाचा ताप कुत्र्याला लागत नाही ना, म्हणाले. तुम्हीच शिकवलंत, म्हणाले. तुम्हाला सोबत होईल. केंद्र उघडायचंय म्हणून गेले. स्कूटर गेली. हे मीच केलं, मी खोटं — मामांना खरं सांगितलं असतं तर —

ती बाहेर आहे. पायऱ्या मोजतेय. एक. दोन. आंधळी आहे, हळू चढते. नाक दाराच्या फटीशी. तिला वास आला माझा. शेपटी आपटतेय, पायरीवर, जोरात, खूप जोरात. इतकी वर्षं एवढंच मागितलं होतं, माझ्या दारात कुणीतरी असं —

सरपटत आले. दाराला पाठ लावून बसलेय. दार आत उघडतं. मी इथे बसले तर उघडणार नाही.

खाट वाजली. ते उतरलं खाली. त्यालाही ऐकू आलं. येतंय. खुशीत येतंय, फरशीवर नखं —

जा गं आत्याबाई. जा मामांकडे. जा.

ढकलतेय. तेवीस किलो. मी किती? वीस? पाय टेकून धरलेत भिंतीला, घसरताहेत. दार दोन बोटं सरकलं. चार. माझ्याकडे वजनच नाही धरायला —

ओलं नाक. हाताला. चाटतेय. आत्याबाई, नको ना, मागे हो, माझं ऐक, मी येते, मीच येते बाहेर, तू फक्त